साहेबांना किरण हवा होता

ऑफिसात तिला सगळे ताईच म्हणायचे, तिच्या दुप्पट वयाचेसुद्धा. नळ, शॉवर, असलं बाथरूमचं सामान विकणारी कंपनी. ताई तिथे खरेदी बघायची. पेनाच्या रिफिलपासून खुर्चीच्या चाकापर्यंत काहीही संपलं, मोडलं, हरवलं की ताईच्या नावाने हाका. वर सोमवारच्या मीटिंगमध्ये कोण काय बोललं ते लिहून घ्यायचं कामही तिच्याच गळ्यात. त्यासाठी ती पहिल्या खुर्चीवर बसायची, अगदी स्क्रीनच्या पुढ्यात.

पुढ्यात का, हे कुणालाच माहीत नव्हतं. लहानपणी गोवर आला आणि जाताना तिचा डावा डोळा घेऊन गेला. वरून बघितलं तर कळत नाही. डोळा आहे जागच्या जागी, फक्त त्याला दिसत नाही. उजव्यालाही लांबचं धड दिसत नाही. मुलाखतीत तिने हे सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर बिलं तपासायला ठेवलं असतं का तिला? तर गप्प बसली, आणि बरंच केलं.

आता साहेब. साहेबांच्या हातात लेसर पॉइंटर आला की त्यांना वाटायचं आपण कुणीतरी आहोत. पडद्यावर विक्रीचा आलेख, आलेखावर लाल ठिपका, इथपर्यंत ठीक. पण ठिपका तिथे टिकायचा कुठे? जरा कुणाची विक्री घसरली की तो पडद्यावरून उतरायचा आणि त्या माणसाच्या शर्टाच्या खिशावर जाऊन बसायचा. साहेब बोलत राहायचे. तो बिचारा मान खाली घालून आपल्याच छातीवरचा ठिपका बघत राहायचा. याला साहेब नेतृत्व म्हणायचे.

मग साहेबांना काय सुचलं, त्यांनी पडदा काढून भिंतभर टीव्ही लावला. पहिल्याच मीटिंगला ठिपका गायब. बटण दाबतायत, हात झटकतायत, काही नाही. पडद्यावर उजेड पसरतो म्हणून ठिपका दिसतो, टीव्हीची काच तो गिळते नाहीतर भलतीकडे फेकते. इतकी साधी गोष्ट. पण साहेबांच्या वस्तूंमध्ये खोट नसते, त्यामुळे टीव्हीत नव्हतीच. पॉइंटर बदला.

"म्हातारा झालाय तो, साहेब," अकाउंट्सवाला म्हणाला. त्याला सगळे पाठीमागे होयबा म्हणायचे. "जोरदार हिरवा मागवू. आरपार."

"ताई, बघा," साहेब म्हणाले.

ताई बाजारात गेली. दुकानदाराने विचारलं, "कशावर मारणार?"

"टीव्हीवर."

"मग लेसर कशाला घेताय?" तो हसला. "पडदा असता तर हा लाल दिला असता. एक मिलिवॅटच्या आतला, वर क्लास टू लिहिलेलं. चुकून डोळ्यावर आला तरी पापणी झटकन मिटते, तेवढ्यात सहसा काही होत नाही. फक्त मुद्दाम बघत बसायचं नाही."

"आणि तो हिरवा?"

"त्यावर काही लिहिलंय का बघा." ताईने फिरवून फिरवून बघितलं. एक अक्षर नव्हतं. "तसल्यातले काही इतके जोरदार असतात की पापणी मिटायच्या आत काम झालेलं असतं. त्यातून समोर टीव्हीची काच. मारा तिकडे, येतो इकडे."

ताईचा हात आपोआप उजव्या डोळ्याकडे गेला. तिने तो चष्मा नीट करायला नेल्यासारखं केलं.

शेवटी तिने लेसर नसलेला रिमोट घेतला. बटण दाबलं की टीव्हीवरच गोल उमटतो, बाहेर काही निघत नाही. साहेबांनी तो हातात घेतला, गोल फिरवून बघितला. छान दिसत होता. मग त्यांनी तो हळूच होयबाच्या शर्टाकडे वळवला. शर्टावर काहीच नाही.

"किरण कुठाय?"

"किरण नाही साहेब. गोल आहे की."

"गोल काय करायचाय मला?"

घ्या. म्हणजे आलेख दाखवायचाच नव्हता कधी. रिमोट टेबलावर आपटून साहेब गेले, आणि चार दिवसांत साडूकडून हिरवा लेसर घेऊन आले. साडू परदेशी जाऊन आलेला, त्यामुळे त्याची वस्तू चांगलीच असणार. साहेबांनी सगळ्यांना गोळा करून एक काळा फुगा टांगला आणि लेसरने फोडून दाखवला. होयबाने टाळ्या वाजवल्या. फुगा फुटतो ती वस्तू माणसांच्या अंगावर मारायची आणि त्याला टाळ्या.

घरी ताईने आईला सांगितलं. आई भांडी पुसत होती. ती थांबली.

"सोड ती नोकरी."

"दुसरी कुठून आणू? तिथे डोळे तपासतील."

"मग मागे जाऊन बस."

"मागून दिसत नाही आई. पुढे बसले तर डोळा राहत नाही."

आई तेच ताट पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

सोमवारी ताई नेहमीच्या वेळेला गेली, पहिली खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि टीव्हीकडे पाठ करून बसली. वही मांडीवर.

"ताई, स्क्रीन इकडे आहे," साहेब म्हणाले.

"माहितीये. तुमचा लेसरही तिकडेच लागणार. तुम्ही बोला, मी ऐकून लिहिते."

"हा काय तमाशा?"

"तमाशा नाही साहेब. मला एकाच डोळ्याने दिसतं. डावा लहानपणीच गेलाय. हा उरलेला मला संध्याकाळी घरी न्यायचाय."

होयबा म्हणाला, "अहो, मग हे आधी सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर आज इथे बसले असते का?"

"नोकरी करायची आहे ना तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

"करायचीये. म्हणून तर आले."

दुसरा कुणी असता तर त्याने लेसर खिशात ठेवला असता. साहेबांनी बटण दाबलं. टीव्हीवर काही दिसलं नाही, पण काचेवरून उलटलेली हिरवी रेघ छतावरून भिंतीवर आणि भिंतीवरून टेबलाकडे सरकली. सगळ्यात आधी टेबलाखाली कोण गेलं असेल? टाळ्या वाजवणारा. त्याच्यामागोमाग बाकीच्यांनीही डोळ्यांवर हात घेतले, कुणी वही धरली. एवढ्या विक्रेत्यांसमोर साहेब उभे, आणि त्यांच्याकडे बघायला कुणी तयार नाही. त्यांनी बटण सोडलं. "आजच्यापुरतं बास," म्हणाले.

ताईला काढायची त्यांची हिंमत झाली नाही. आंधळी म्हणून काढायचं तर इतकी वर्षं तिने बिलांतली एकही चूक सोडली नव्हती, आणि लेसरला नाही म्हणाली म्हणून काढलं तर फुगा फोडलेला सगळ्यांनी बघितला होता. मग शिक्षा काय, तर यापुढे ताईने मीटिंगला यायचं नाही. लिहायचं काम होयबाकडे. ताई जागेवर बसून बिलं तपासते, उजवा डोळा शाबूत आहे. लेसर कुठे गेला, तिने विचारलं नाही.

एकच त्रास सुरू झाला. तिला एका डोळ्याने दिसत नाही हे कळल्यापासून ऑफिसातली सगळी शहाणी माणसं तिच्याशी ओरडून बोलायला लागली. डोळा गेला म्हणजे कानही गेले, असा हिशोब. परवा होयबा तिच्या टेबलावर वाकून खच्चून म्हणाला, "ताई, रि-फि-ल मि-ळे-ल का?"

ताईने ड्रॉवरमधून रिफिल काढून दिली.

"ऐकू येतं मला," ती म्हणाली. "दिसतंही. पोटावरचं बटण लावा."