डेव्हिड सर आणि हौसाबाईंचा मुलगा

आमच्या इमारतीत तळमजल्यावर देवराम राहतो. कल्याणच्या ज्या कॉन्व्हेंट शाळेत तो पी.टी. आणि बँड शिकवतो, तिथे मात्र या नावाचं कोणी नाही. तिथे आहेत ते डेव्हिड सर.

मी स्वतः कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे हे कसं घडलं असेल ते मला समजतं. आमच्या शाळांत शिक्षकांना आडनावाने हाक मारत नाहीत. मेरी टीचर, सगुणा टीचर, अशी पहिल्या नावाची रीत. देवराम नोकरीला लागला तेव्हा मुख्याध्यापिका सिस्टर परदेशातून आलेल्या, वयस्कर. त्यांच्या तोंडी देवरामचं देव झालं, देवचं डेव्ह झालं आणि मुलांनी सहामाहीच्या आत डेव्हचं डेव्हिड करून टाकलं. पगाराच्या कागदांवर खरं नाव होतं, पण त्या नावाने हाक कोण मारणार?

त्याने ते तेव्हाच दुरुस्त का केलं नाही, असं मी एकदा विचारलं.

"काकू, तेव्हा देवराम म्हटलं की लोक आडनाव विचारायचे. आडनाव कळलं की बोलण्याचा सूरच बदलायचा. डेव्हिड म्हटल्यावर पुढे कोणी काही विचारायचं नाही. बरं वाटायचं."

बरं वाटायचं हे खरंच असणार. पण नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याचा डबा घरी राहिला आणि वडील तो घेऊन शाळेच्या फाटकाशी गेले. वडील रेल्वेत गँगमन. फाटकावरचा माणूस म्हणाला, "देवराम सर? असे कोणी सर इथं नाहीत, बाबा." वडील डबा घेऊन परत आले आणि संध्याकाळी मुलाला म्हणाले, "तू नक्की त्याच शाळेत जातोस ना रे?" देवराम हसला. उद्या फाटकावर सांगून ठेवतो म्हणाला. ते राहूनच गेलं. पुढे वडील वारले.

शिक्षक म्हणून तो फार चांगला. वर्गात ज्यांच्या तोंडून शब्द निघत नाही अशा मुली त्याच्या बँडमध्ये बिगूल फुंकतात. दिवा स्टेशनजवळून येणारी ऐश्वर्या साइड ड्रम वाजवते. सकाळी पाणी भरायची पाळी तिची, म्हणून सरावाला उशीर व्हायचा. देवरामने तिला बँडमधून काढलं नाही, सगळ्या बँडचा सराव शाळा सुटल्यावर नेला. यंदा त्याचा बँड कॅथलिक शाळांच्या स्पर्धेत पहिला आला आणि निवृत्तीच्या वर्षी त्याला आदर्श शिक्षकाचा मान मिळाला.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या कॅथलिक शाळा मिळून दरवर्षी विद्यार्थ्यांचा आणि शिक्षकांचा गौरव करतात. त्याच्या तयारीत शाळेच्या ऑफिसातून देवरामला फोन आला. तो मैदानावर होता. "सर, ट्रॉफीवर नाव कसं टाकू?" देवराम म्हणाला, "नेहमीचं टाक." आणि शिट्टी फुंकून पुन्हा मुलींकडे वळला.

त्याच्या बायकोने, कांताने, संध्याकाळी बरोबर तिथेच बोट ठेवलं. "नेहमीचं म्हणजे कुठलं?"

"रेकॉर्डवरचं. आणखी कुठलं?"

"त्यांचं नेहमीचं वेगळं आणि आपलं वेगळं. आत्ताच्या आत्ता फोन करा."

"उद्या करतो गं."

इकडे त्याची आई, हौसाबाई, येणार म्हणून हट्टाला पेटली होती. तिला मोतीबिंदू आहे, फारसं दिसत नाही. मी म्हटलं, "एवढ्या लांब जाऊन तुम्हाला काय दिसणार?" तर म्हणाली, "मला बघायचं कुठंय, बाई? ऐकायचंय. ह्याच्या बापाला फाटकावर ते नाव सापडलं नाही. मी माइकवर ऐकीन."

हे देवरामसमोरच झालं. तो बुटाची नाडी बांधत होता, ती बांधतच राहिला. मला वाटलं, आता तरी हा फोन करील.

समारंभाच्या दिवशी कांताला दवाखान्यात ड्यूटी, म्हणून हौसाबाईंबरोबर मी गेले. आम्ही एसटीने ठाण्याला खोपटच्या डेपोत उतरलो आणि समारंभ ज्या शाळेत होता तिच्या सभागृहात रिक्षाने पोचलो. प्रार्थना झाली, दीप लावला. दहावीत पहिल्या आलेल्या मुली, चित्रकलेतल्या, बुद्धिबळातल्या, एकेक नाव घेतलं जात होतं. हौसाबाई प्रत्येकासाठी मनापासून टाळ्या वाजवत होती. ऐश्वर्याचं नाव आलं तेव्हा मला कोपर मारून म्हणाली, "ही आमच्या देवरामची."

मग निवेदिकेने इंग्रजीत एक लांब परिच्छेद वाचला आणि शेवटी म्हणाली, "मिस्टर डेव्हिड!"

सभागृह दणाणलं. बँडच्या मुली खुर्च्यांवर चढून ओरडत होत्या, "डेव्हिड सर! डेव्हिड सर!"

"कोण हो हा?" हौसाबाई टाळ्या वाजवत म्हणाली. "पोरींचा लई जीव दिसतो."

मी तिच्या कानाशी वाकले. "अहो, हा आपला देवरामच. शाळेत त्याला डेव्हिड म्हणतात."

तिचे हात थांबले. मला वाटलं होतं, ती हसेल. तिने हात खाली मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "माझ्या लेकाचं नाव घेतलं की वाजवीन." आभार झाले, राष्ट्रगीत झालं. तिने पुन्हा टाळी वाजवली नाही.

खोपटच्या डेपोत बसची वाट पाहताना जे बोलणं झालं, ते मी त्याच दिवशी डायरीत लिहून ठेवलं, म्हणून शब्द तेच आहेत. देवराम ट्रॉफी मांडीवर घेऊन बसला होता.

"त्या डेव्हिडच्या आईचं नशीब बघ," हौसाबाई समोर बघत म्हणाली. "किती ओरडल्या पोरी!"

"आई, असं काय बोलतेस?"

"आली होती का रे ती?"

"चुकलं माझं. बदलून घेतो नाव."

"घे की. आमचा कुठं नको म्हणायचा हक्क?"

बस आली तेव्हा त्याने तिला हात दिला आणि तिने धरलाही, पण कल्याण येईपर्यंत ती माझ्याशीच बोलत राहिली.

सोमवारी तो आताच्या सिस्टरांकडे गेला. त्यांना खरोखर वाईट वाटलं. म्हणाल्या, "सर, तुम्ही इतकी वर्षं बोलला का नाहीत? आम्हाला वाटलं, तुम्हाला हेच आवडतं." त्याच आठवड्यात ट्रॉफीवर नवी पट्टी आली, आडनावासकट. इतकं सोपं होतं ते. मला वाटतं, हेच त्याला सगळ्यात जास्त लागलं.

त्याने ट्रॉफी आईच्या हातात दिली. मी तिथेच होते. तिने बोटांनी पट्टी चाचपली, अक्षरं मोजल्यासारखी.

"आता आहे का बरोबर?"

"हो, आई. तुझ्यासमोर वाचून दाखवू?"

"तू वाचून काय होतंय, राजा," ती म्हणाली. "टाळ्या तर तोच घेऊन गेला."