रोवण्याच्या ओळीतली डेबरी बाई

भूतबित, सावल्या-बिवल्या मी आजही मानत नाही, आधीच सांगून ठेवते. पण डोक्यात इतका राग साठलाय की कुठेतरी लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

मी वरठीला राहते, शाळेत ड्रॉइंग शिकवते. माहेर पवनी तालुक्यातलं आसगाव. माझी चित्रं आजूबाजूचीच — तलावाची मातीची पार, इथल्या स्टील प्लांटच्या गेटबाहेरच्या सायकली, चिखलात बसलेल्या म्हशी. आई म्हणते, "दुनिया वाघ काढते, अन् तू काय वं, चिखल काढून राहिली!" वाघ मी पाहिलाच नाही, तर काढू कुठून?

गेल्या वर्षी रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत दादाने बोलावलं — शेताच्या हक्कसोडपत्रावर सही करायला. आमच्याकडे बहिणी करून देतातच, माहेर टिकावं म्हणून. मीही करणार होते. तहसीलला दुसऱ्या दिवशी जायचं होतं, म्हणून कागद-रंग घेऊन तलावाखालच्या आमच्या बांधीच्या, म्हणजे भातखाचराच्या, धुऱ्यावर जाऊन बसले. भर दुपार, लख्ख ऊन. आई आणि मजूर बाया ओळीत वाकून, मागे मागे सरकत धानाची रोपं लावत होत्या. दिसलं तसं रंगवलं. टोकाला हिरव्या लुगड्यातली एक बाई होती, तीही रंगवली.

घरी चित्र पाहून आईने तोंडावर हात ठेवला. "अवो माय... हे डेबरी कोन काढली तू?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या बाईच्या उजव्या हातात रोपांची जुडी होती आणि ती डाव्या हाताने लावत होती. डेबऱ्या, म्हणजे डावखुऱ्या बाईला ओळीच्या मधे घेत नाहीत, शेजारणीच्या हाताला हात अडतो. तिला टोकालाच ठेवतात.

"पन टोकाले तं मीच होती," आई म्हणाली. "माया बाजूले कोनीच नव्हतं."

मग तिने सांगितलं. माझी कुसुमआत्या, बाबांची धाकटी बहीण, डेबरी होती. मला लहानपणापासून एवढंच माहीत की ती माझ्या जन्माआधी सासरी वारली. घरात तिचा एक फोटो नाही.

"मेली नाई वं ते. नवऱ्यानं टाकलं तं परत आली. म्हने, दादा, मले हे एक बांधी दे, मी करून खाईन. तुया बाबानं हाकलून देल्लं, अन् गावात सांगतलं का मेली. कुठं गेली, देवाले ठाऊक. मी बी तोंड शिवून बसली."

तेवढ्यात बाबा आले. त्यांनी चित्र पाहिलं... कोण आहे, हे विचारलंसुद्धा नाही. "पुसून टाक ते." मी नाही म्हटलं. त्यांनी माझाच ब्रश उचलला, चिखलाच्या रंगात बुडवला आणि त्या बाईवर फिरवला.

उजेड होता तोवर आई आणि मी बांधीत गेलो. आईने लावलेल्या भागाच्या पलीकडे, धुऱ्याला लागून, रोपांचा एक पट्टा होता. बाकी सगळं धान एका बाजूला कललेलं, हा पट्टा उलट्या बाजूला. "हे मी नाई लावलं," म्हणून आई चिखलात उभी राहून रडायला लागली. मजूर बायांना विचारलं, त्याही नाहीच म्हणाल्या. दादा हसला, "लावलं असन कोनी, त्याच्यात का एवढं?"

सकाळी तो गाडी काढून उभा. "चाल, तहसीलले उशीर होते."

मी म्हटलं, सही करणार नाही.

"मंग या घरात तुयं काय काम?" हे बाबा म्हणाले. आत्यालाही असंच म्हणाले असतील, याच ओट्यावरून.

ती बाई कोण होती? आत्या जिवंत आहे की नाही? मला माहीत नाही. भास म्हणावा, तर तो पट्टा कोणी लावला? शोधलं खूप, विचारलं खूप, उत्तर नाही. त्या पट्ट्याचं धान मात्र बाबा-दादांनी बाकीच्यासोबत कापलं आणि खाल्लं. घास कसा उतरला असेल, देव जाणे!

यंदाही रोवणा झाला. मला कोणी बोलावलं नाही. परवा आईने शेजारच्या घरून, लपून फोन केला. "बाई, गावातले विचारतेत, ताई काहून नाई आली? तं दादा सांगते का तुयी लय दूर बदली झाली, आता येनं होत नाई तुयं."

बदली? अहो, मी इथेच आहे. वरठीला.