एनेलेसीचे दोन भाऊ

एनेलेसीचं भलं झालं ते तिच्या गळ्यामुळे, आणि वाटोळंही त्यानंच केलं.

चिम्वेंडो गुरुजी इंग्रजांच्या तुरुंगातून सुटून राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा पहिल्याच सभेत गरजले, "या देशातली प्रत्येक बाई माझी बहीण!" आमच्याकडे हे बोलणं साधं नाही. बाईचं लग्न असो, भांडण असो, मयत असो, तिच्या वतीनं बोलायचं ते भावानं. बायका पार विरघळल्या. गुरुजींचा चेहरा छापलेलं कापड कमरेला गुंडाळून सभेसभेत नाचू लागल्या आणि सगळ्यांच्या पुढे गायला एनेलेसी.

तिचा सख्खा भाऊ जोनासी तोंडाचा फाटका. पुढे गुरुजींनी निवडणुकाच गुंडाळून ठेवल्या, तेव्हा मक्याची दारू पिताना तो म्हणाला, "एवढ्या बहिणींचा भाऊ, आणि एकीच्याही घरात दाणा नाही!" सकाळी पोलिसांनी त्याला उचललं. त्याच आठवड्यात सभा होती. नाही म्हणायची सोय नव्हती. एनेलेसी गायली, "आमचा भाऊ, आमची सावली." जोनासीनं ते कोठडीत, पहारेकऱ्याच्या रेडिओवर ऐकलं.

वर्षं गेली. लोक चिडले, मतदान घ्यावंच लागलं आणि गुरुजी हरून सरोवराकाठच्या आपल्या घरी जाऊन बसले. जोनासी सुटला, पण बहिणीशी बोलेना. आता तिच्या मुलीचं, फालेसीचं, लग्न जमत होतं. मुलाचा मामा बोलणीला येणार, आणि मुलीकडून बोलायला मामाच नसेल तर लग्न मोडल्यात जमा. एनेलेसीनं जोनासीपुढे गुडघे टेकले.

"तुला भाऊ आहे की," तो म्हणाला. "सरोवराकाठी रिकामटेकडा बसलाय. त्याला बोलव."

बाई हट्टाला पेटली, खरंच गेली. आणि गुरुजी आलेही! हल्ली त्यांना कुत्रं विचारत नव्हतं. जुना कोट झटकून ते चटईवर येऊन बसले.

मुलाचा मामा रीतीप्रमाणे म्हणाला, "आमच्या कोंबड्यानं तुमच्या अंगणात एक कोंबडी पाहिली. तिचं नाव काय, मामा?"

नाव कुणाला माहीत? देशभरच्या बायकांचा हा भाऊ असल्या चटईवर जन्मात बसला नव्हता. गुरुजी उठले आणि त्यांनी चक्क भाषण ठोकलं. "या देशाच्या प्रत्येक कन्येसाठी मी..." मुलाकडचे एकमेकांकडे पाहू लागले. एका म्हाताऱ्यानं निघायला काठी उचलली. फालेसीला रडू फुटलं.

कुंपणाशी उभा राहून जोनासी सगळं बघत होता. तो आत आला.

"बसा गुरुजी, पुष्कळ बोललात आयुष्यभर." मग तो चटईवर टेकला. "फालेसी तिचं नाव. मी तिचा मामा. बोला."

बोलणी झाली, कोंबड्यांची देवाणघेवाण झाली, लग्न ठरलं. एनेलेसीनं मक्याचा घाटा आणि मासा वाढून ताट जोनासीपुढे धरलं.

"दादा, जेव रे."

"मी पोरीचा मामा म्हणून आलो होतो," चपलेत पाय घालत तो म्हणाला. "ताट तुझ्या भावाला दे. केव्हाचा बघतोय ताटाकडे."