‘हो’चं बटण

विनार्सीनं संगणकाच्या पडद्यावरचं ‘हो’ काढून टाकलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी तिला नावं ठेवली. माझी जीभ मुळातच तिखट. मी म्हटलं, ‘बाई, उद्या श्वास घेऊ का हेही पडद्याला विचारायचं का?’ ती हसली नाही. तशी ती हसायची कधी? नवरा गेल्यापासून नाहीच.

जावातल्या उंगारान डोंगराच्या पायथ्याशी आमच्या कारखान्यात आलं-हळदीचं औषधी सिरप बनतं. धुणं, वाटणं, उकळणं, निववणं, गाळणं, भरणं. जकार्ताहून सॉफ्टवेअर आलं आणि प्रत्येक घाण्याची प्रत्येक पायरी पडद्यावर गेली. आधीची पुरी झाल्याशिवाय पुढची उघडत नाही. या पायऱ्या रचायचं काम विनार्सीकडे आलं. उकळून रिकामा झालेला मोठा हंडा आत उतरून धुवायची पायरी होती, आणि तिथं तयार प्रश्न होता: वाफेची झडप बंद आहे का? हो, किंवा नाही.

तिथं ती अडून बसली. कारण तिचा नवरा सार्वोनो त्याच हंड्यात उतरला होता. उतरण्याआधी त्यानं धाकट्या भावाला, तार्मुजीला, विचारलं होतं, ‘झडप बंद केलीस ना?’ तार्मुजी म्हणाला, ‘इंगिह.’ थोरल्यांना ‘हो’ म्हणताना आम्ही जावातले लोक असंच म्हणतो. त्याचा अर्थ हो असतोच असं नाही. ऐकलं, तुमचा मान राखला, एवढाही असतो. झडप उघडी होती. हंड्यात वाफ सुटली आणि सार्वोनो भाजून गेला.

त्यानंतर दर ईदला तार्मुजी वहिनीच्या गुडघ्यांशी वाकायचा आणि सगळे जण म्हणतात तेच म्हणायचा, कळत-नकळत झालेलं माफ करा. तीही सगळे म्हणतात तेच म्हणायची. मला त्या दोघांचाही राग यायचा. त्या गुळगुळीत शब्दांखाली एक माणूस पुरलेला होता, आणि कुणी त्याचं नाव घेत नव्हतं.

तर तिनं प्रश्नच बदलला. झडप कशी आहे? उघडी, बंद. बटणं दोनच. शिवाय खुणेची पट्टी झडपेलाच चिकटवली. तिथं जाऊन हातातलं यंत्र त्या पट्टीसमोर धरल्याशिवाय प्रश्नच येत नाही. वेळ फुकट जातो म्हणून मॅनेजर कुरकुरले. ती म्हणाली, ‘साहेब, आपल्या माणसांना नाही म्हणता येत नाही. मग हो तरी कशाला विचारायचं?’

पहिल्या घाण्याला हंड्यावर तार्मुजी होता. आम्ही सगळे बघायला जमलो. तो झडपेपाशी गेला, यंत्र धरलं आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मग पडदा लाल झाला आणि हंडा धुवायची पायरी बंद पडली. त्यानं ‘उघडी’ दाबलं होतं, कारण ती उघडीच होती. झडपेला हात न लावताच तो परत आला.

विनार्सीसमोर मान खाली घालून म्हणाला, ‘वहिनी, त्या दिवशी मी झडपेपर्यंत गेलोच नव्हतो. दादानं विचारलं, आणि मी नुसतंच म्हटलं.’

 

‘इंगिह,’ विनार्सी म्हणाली.

धाकट्या दिराला कुणी इंगिह म्हणत नाही. तार्मुजीनं दचकून वर पाहिलं. ‘म्हणजे माफ केलंत?’

‘म्हणजे ऐकलं,’ ती म्हणाली. ‘आता जा, बंद करून ये.’

तो गेला आणि बंद करून आला. यंत्रावर ‘बंद’ आलं, पडदा हिरवा झाला, पुढची पायरी उघडली. धुणारा माणूस शिडीला हात लावणार, तेवढ्यात विनार्सीनं त्याला थांबवलं, एकटी झडपेपर्यंत चालत गेली आणि चाक हातानं आणखी आवळून पाहिलं. ते फिरलं नाही. तरी बराच वेळ तिनं हात काढला नाही.