मौनाच्या दिवशी पेटलेली चूल

देवाशी माझं बोलणं म्हणजे सूचना देणं. भंडाऱ्याच्या शाळेत इतकी वर्षं शिकवल्यावर दुसरं काय होणार? रोज पूजेला बसले की मी त्याला दिवसभराचं काम समजावून सांगत असे, आणि संध्याकाळी ते झालेलं नसलं तर जाबही विचारत असे. पण परदेशातल्या त्या सकाळी पल्लवी गुडघे पोटाशी घेऊन पलंगावर कण्हत होती आणि मला देवाला काय सांगावं तेच सुचेना. तो खरंच ऐकतो का, ही शंका तेव्हा पहिल्यांदा मनात आली.

दहावीचे पेपर संपल्यावर वर्गातली काही मुलं-मुली घेऊन मी एका टूरबरोबर बालीला गेले होते. पल्लवी त्यातलीच, साकोलीजवळच्या एकोडीची. हुशार, बडबडी, आणि सिकलसेलची रुग्ण. आमच्या भागाला हा रक्ताचा आजार नवा नाही. थंडी लागली किंवा अंगातलं पाणी कमी झालं की हाडं आतून ठणकायला लागतात, आणि वेळीच आवरलं नाही तर जिवावर बेततं. डॉक्टर हो म्हणाले होते, तरी तिची आई तिला सोडायला तयार नव्हती. मीच एकोडीला जाऊन गळ घातली. शेवटी ती म्हणाली, "तुमच्या भरोशावर धाडून राहिली, मॅडम. मले हे एकच लेकरू आहे. जशी नेता तशी आनून द्या." मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं.

त्या सकाळच्या आदल्या संध्याकाळी आमचा मुक्काम असलेल्या गावात बांबू आणि कागदाचे अक्राळविक्राळ राक्षस खांद्यावर घेऊन मिरवणूक निघाली. आमची पोरं हरखून गेली. पल्लवी ढोलाच्या तालावर नाचली, घामाने चिंब झाली आणि तशीच बाकीच्यांबरोबर गार पाण्याच्या टाक्यात जाऊन डुंबली. पाणी पी, बाहेर ये, म्हणून मी ओरडत होते. ओरडणं मला चांगलं जमतं, पण त्या ढोलांपुढे माझं कोण ऐकणार?

दुसऱ्या दिवशी आपल्याकडे पाडवा होता आणि तिथेही नव्या वर्षाचा पहिला दिवस. पण काय तो दिवस! रस्त्यावर माणूस नाही, गाडी नाही. आभाळातून विमानसुद्धा जात नव्हतं. आम्ही उतरलो होतो त्या घराच्या अंगणात चाफ्याची फुलं पडलेली मला ऐकू येत होती. सगळं बेट डोळे मिटून बसल्यासारखं वाटत होतं, आणि त्या शांततेच्या मधोमध या पोरीचं कण्हणं. "भल्लं दुखून राहिलं, मॅडम," ती म्हणाली. "पन मायले नोका सांगू."

आमचा गाइड नागपूरचा. तो हळू आवाजात म्हणाला, "आज यांच्यात कोणी विस्तव पेटवत नाही. बाहेर निघत नाही, बोलत पण नाही. दवाखान्यात फोन लावून राहिलो मी." फोन लागला. ताप आला किंवा दम लागला तर ॲम्ब्युलन्स आजही येईल, तोवर शेक द्या आणि घोट घोट पाणी पाजा, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. पण पाजलेलं पाणी उलटून पडत होतं, त्याबरोबर दुखण्यावरची गोळीही. आणि शेक कशाने द्यायचा? घरात दिवा नाही, वीज बंद, चूल थंड. मालकीणबाईंना विस्तव मागायला माझी जीभ रेटेना. मी स्वतः उपासतापास कडक पाळणारी बाई. माझ्या चतुर्थीला कोणी भात खा म्हटलं असतं तर मी काय म्हटलं असतं, ते मला ठाऊक होतं.

त्या बाई न बोलावता दारात येऊन उभ्या राहिल्या. आम्ही सगळे त्यांना इबू म्हणत होतो, म्हणजे आई. त्यांनी पल्लवीकडे पाहिलं. मग अंगणातल्या देवळीपुढे गेल्या, हात कपाळाच्या वर जोडले आणि बराच वेळ तशाच राहिल्या. तिथून निघाल्या त्या सरळ स्वयंपाकघरात. थोड्या वेळाने मला धुराचा वास आला. नारळाच्या सोडणांचा धूर. मी धावत जाऊन "नको, नको" म्हणत राहिले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि कढईत जाडं मीठ टाकलं.

तेवढ्यात फाटकातून एक माणूस आत आला. कमरेला काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र. आजच्या दिवशी कुठे विस्तव, आवाज होत नाही ना हे बघायला गावातून फिरणारा पहारेकरी. धूर बघूनच आला असणार. इबूंनी नुसतं आमच्या खोलीकडे बोट दाखवलं. तो दारापर्यंत गेला, परत आला, चुलीपुढे उकिडवा बसला आणि फुंकणी उचलून निखारे फुलवू लागला.

गरम मिठाच्या पुरचुंड्या आम्ही पल्लवीच्या गुडघ्यांना, पाठीला लावत राहिलो. इबूंनी देवळीतलं तीर्थ तिच्या तळहातावर ओतलं, एकदा, मग पुन्हा. मी भांडं पुढे धरून बसले होते. उलटी झाली नाही. मग शहाळ्याचं पाणी, मग गोळी. उन्हं अंगणात आली तशी ती शांत झोपली. त्या सगळ्या वेळात मी देवाला एकही सूचना दिली नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. ती झोपल्यावर मी फक्त भिंतीला टेकून रडत होते, आणि रडताना फार हलकं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सगळं तपासून घेतलं. काळजीचं काही नव्हतं.

परतल्यावर पल्लवीला घेऊन मी एकोडीला गेले. बोलणी खायची तयारी करूनच गेले होते. सगळं खरं खरं सांगितलं. तिची आई लेकीच्या पाठीवरून हात फिरवत ऐकत होती. मग म्हणाली, "पाडव्याच्या दिवशी ना, मॅडम? त्या दिवशी सकाळपासून जीव नुसता खालीवर होऊन राहिला होता. सनाचा दिवस, पन चूल पेटवावशीच नाही वाटली. घरचे म्हनत, काहून नाही पेटवत? मी म्हटलं, आज नाही. देवापाशी बसून राहिली दिवसभर."

मी तिचा हात हातात घेतला. इकडची एक चूल विझलेली राहिली आणि तिकडची एक पेटली. या दोघी आयांना कोणी काय सांगितलं, हे मी विचारत नाही. ज्याने सांगितलं त्याला माझ्या सूचनांची कधीच गरज नव्हती. आता पूजेला बसले की मी गप्प बसते.