कियोनोची पडवी

आमच्या ताकादा गावात कुणी आपणहून राहायला आल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. जुन्या काळी जपानवर राज्य करणाऱ्या शोगुनची मर्जी गेली की सरदाराची रवानगी इथे व्हायची. सायबेरियाचा वारा समुद्रावरून पाणी पिऊन येतो, म्योकोच्या डोंगराला थडकतो आणि सगळा बर्फ आमच्या डोक्यावर ओततो. त्या सरदारांनी निदान काही गुन्हा तरी केलेला असायचा. माझ्या शेजारणीने, कियोनोने, काय केलं होतं? इथे जन्मली, इथेच दिली, बास.

नवरा गेला. मुलगी चिझुरू शिझुओकाला, तिकडे बर्फ कसा तो पडतच नाही. ती दरवर्षी संत्र्यांची पेटी पाठवायची आणि फोनवर एकच धोशा लावायची, "आई, घर पाड, जागा विक, इकडे ये." सत्तरीला टेकलेली कियोनो तेव्हा छपरावर चढून बर्फ लोटत असायची. शेवटी एका उन्हाळ्यात म्हणाली, "तोमे, मी चालले. सुटले बघ एकदाची!"

"जा बाई," मी म्हटलं. "मागे वळून बघू नकोस."

पण पडवी होती ना! आमच्या रस्त्यावर प्रत्येकाने आपल्या जागेतून पुढे पडवी काढलेली, एकीला एक लागून. सरदारांच्या अमदानीपासूनची रीत. रस्ता बर्फाखाली गडप झाला तरी पडव्यांखालून माणूस थेट बाजारात पोचतो. पडवी ज्याची त्याची, वाट सगळ्यांची. कियोनोचं घर पाडायचं म्हणजे त्या वाटेत मधोमध भगदाड.

आळीचे प्रमुख मुरायामा मिठाई घेऊन आले. "सहजच आलो हो. घर तुमचं, पडवी तुमची. आम्ही कोण बोलणार?" असं म्हणून तासभर चहा पीत बसले. मग भाजीवाली लोणचं घेऊन आली. 'जाऊ नका' म्हणेल तर शपथ! माझं डोकंच फिरलं. अरे, तोंडाने बोला ना! नको म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं. या गोडबोल्यांचं काय करायचं?

शेवटी आली सावा, पलीकडची आंधळी मालिशवाली. पडवीचे खांब चाचपत गिऱ्हाइकांकडे जायची ती.

"तुम्ही खुशाल जा, ताई," सावा म्हणाली. "हिवाळ्यात मी घरातच बसेन. तसेही गुडघे दुखतातच."

झालं! कियोनोने सुताराला सांगून घर पाडलं आणि पडवी तेवढी ठेवली, नुसत्या खांबांवर. हे लोढणं गळ्यात असलेली जागा विकत कोण घेणार? ती तशीच राहिली. कियोनो मात्र गेली. स्टेशनवर मी रडले, पण खरं सांगते, आनंदाने.

जानेवारीत बर्फ कोसळू लागला आणि कियोनो माझ्या दारात हजर.

"अगं, तू इथे कशी?"

"तिकडे टीव्हीवर आपल्याकडचा बर्फ दाखवतात. झोप लागेना."

"आम्ही काय मेलोय? आमची पोरं लोटतील."

"माझी पडवी, माझा बर्फ. उद्या सावा खालून जाताना पडवी तिच्या अंगावर कोसळली म्हणजे?"

तिला आता घर कुठलं? अंथरूण माझ्याकडेच पडलं. सकाळी उठून शिडी लावून चढलीसुद्धा. तिच्या मागे रिकामी जागा पांढरीफटक पडलेली, आणि म्हातारी त्या बोटभर छपरावर वाकलेली. मी खालून ओरडले, "असंच करायचं होतं तर घर तरी कशाला पाडलंस, बये?"

ती थांबली. दम खाल्ला.

"सुटायला," म्हणाली आणि फावडं पुन्हा बर्फात घातलं.