ओल्या पिवडीचा रंग

काल धामणगावचे पाहुणे येऊन गेले आणि बैठकीची भिंत तशीच राहिली. मळकी, दाराशेजारी डोकी टेकून तेलकट झालेली, आणि मधोमध तळहाताएवढा एक फिकट पिवळा डाग. तो डाग कशाचा हे पाहुण्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं, चार माणसांत माझ्याच्यानं बोलवत नाही. आज दुपारी सगळे आडवे झाले आहेत, म्हणून लिहून ठेवते.

मी अमरावतीची. गावाबाहेर वडिलांचा भाजीचा मळा होता आणि मळ्यातच घर. भिंती मातीच्या. सण आला की माय पांढरी माती भिजवून त्यावर पोतारा फिरवायची. रंग निवडायचा असतो हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. माझी शाळा चौथीनंतर सुटली, पुढं लग्नाचं वय झालं आणि मला पाहायला माणसं येऊ लागली, तेव्हा ते कळलं.

मी काळी. माय सावळी म्हणायची, पण माय मायच होती. पहिले पाहुणे मोर्शीकडचे आले. नुकताच पोतारा दिलेली पांढरीशुभ्र भिंत, तिच्यापुढं पाट, पाटावर मी मान खाली घालून. माणसं पोहे खाऊन गेली आणि काही दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला की पोरगी रंगानं कमी आहे. वडील ऐकून मळ्यात निघून गेले. माय चुलीपुढं बसून राहिली.

तेवढ्यात अचलपूरहून मामी आली. मामी रंगानं केतकीसारखी, आणि तिच्या माहेरी भिंती हिरव्या. हिरव्या भिंतीपुढं आपण कशा दिसायचो हे ती फार आवडीनं सांगायची. तिनं मला भिंतीपुढं उभं केलं, मागं सरून पाहिलं आणि मायला म्हणाली, "पोट्टीचा काही दोष नाही वो. तुमची भिंतच चुकली. पांढऱ्यावर काळं उठून दिसते."

मायला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. मुलीचा रंग काही बदलता येत नव्हता, भिंतीचा येत होता.

मग मामीच्या सांगण्यावरून मातीत गेरू कालवला आणि बैठक लाल केली. उन्हाळ्याचे दिवस, उन्हासाठी खिडकीला बारदान लावलेलं. खोलीत इतका अंधार झाला की मी आत आले तरी पाहुण्यांना कळलं नाही. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं भर दुपारी कंदील मागितला. तो माझ्या तोंडापुढं धरून त्यानं मला पाहिलं, जसं गोठ्यात रात्री जनावर पाहतात. तिथूनही नकार आला. मामी म्हणाली, रंग बरोबर होता, खिडकी चुकली.

असं होत होत घरात माझ्याकडं कुणी नुसतं पाहीनासं झालं. माय पाही ती माझ्यामागं कोणता रंग शोभेल म्हणून. मी पाणी भरून दारात आले की मामी म्हणायची, थांब जरा, अशीच उभी राह्य. मागं पळसाचं झाड असो की गवताची गंजी, ती माझं तोंड आणि मागचा रंग ताडून पाहायची. मी हंडा घेऊन उभी राहायची. खांदे दुखत. काही बोलायची मला सवय नव्हती.

तिसऱ्यांदा अकोल्याचे लोक येणार असं ठरलं. या वेळी मामीनं पिवडी, पिवळ्या रंगाची पूड, आणायला लावली. पिवडी मातीत मिसळली की मळकट दिसते, म्हणून वडिलांनी बाजारातून चुना आणला. आमच्या घराला चुना कधी लागलाच नव्हता. रांजणात तो उकळ्या मारत भिजला, निवल्यावर मामीनं त्यात पिवडी टाकली आणि भिंतीवर कुंच्याचा एक हात ओढला. मला बोलावलं. ओल्या रंगावर माझा हात ठेवायला लावला.

काय सांगू, हात छान दिसला. हळद लागल्यावर अंगाला येतो तसा दाट, पिकलेला रंग भिंतीला आला होता, आणि त्यावर माझा हात काळा नव्हता, तांब्याच्या भांड्यासारखा दिसत होता. माय हसली. कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, हाच. मीही तो हात बराच वेळ उचलला नाही.

दिवसभर खपून आम्ही तिघींनी बैठक रंगवली. संध्याकाळपर्यंत हात चुन्यानं सोलपटून निघाले. मातीचा रंग वाळला की थोडा उतरतो, ते आम्हाला माहीत होतं. चुन्याचा किती उतरतो ते माहीत नव्हतं. सकाळी उठून पाहिलं तर भिंत पांढरी. अगदी पांढरी नाही, ताकात हळदीचं बोट बुडवावं तशी. रात्रीतून सगळी पिवडी चुन्यानं खाऊन टाकली होती. मायनं भिंतीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पोह्यांचा कांदा चिरायला बसली. आता दुसरं काही करायला वेळ नव्हता.

पाहुण्यांत मुलगा होता, त्याचे वडील आणि मुलाची आत्या. आत्याबाई विधवा, आवाज खणखणीत, घरात त्यांचंच चालायचं. त्यांनी मला नाव विचारलं, सुईत दोरा ओवायला लावला. मला धड बसवेना म्हणून मी भिंतीला टेकले. मग उठून पाया पडायला वाकले, तर आत्याबाईंना माझी पाठ दिसली. चुन्यात डिंकाचं पाणी घालावं लागतं, नाहीतर तो अंगाला लागतो, हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. जांभळ्या लुगड्यावर पाठभर फिकट पिवळा पट्टा उठला होता.

आत्याबाईंनी आपल्या पदरानं माझी पाठ झटकली. बोटांना लागलेली पूड पाहिली, भिंत पाहिली. मग माझं मनगट धरून म्हणाल्या, "चाल बाहेर. उजेडात पाहू दे."

अंगणात झेंडूच्या वाफ्याशी त्यांनी मला उभं केलं. ऊन चटचटत होतं. हनुवटी धरून माझं तोंड इकडं तिकडं फिरवलं. माय दारात येऊन उभी होती. आत्याबाई तिला म्हणाल्या, "काळी आहे पोरगी. मंग तसं सांगाचं नं बाई. भिंत काहून रंगवली?"

मायनं मान खाली घातली. तिची ती मान माझ्या डोळ्यांपुढून गेली नाही.

"असू दे," आत्याबाई म्हणाल्या, "आमचं वावरही काळंच हाय. पिकते."

अशी मी अकोल्याला आले. लोक म्हणतील, झालं ना चांगलं. झालं. पण आत्याबाई होत्या तोवर प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात त्यांनी ती गोष्ट हसत हसत सांगितली. मला नाव पडलं पिवळ्या पाठीची सून. त्या वाईट नव्हत्या, दुखण्यात त्यांनी माझे पाय चेपले आहेत. गोष्ट मात्र त्यांनी सोडली नाही, आणि लोक हसायला लागले की मी उगाच पाठीवरून पदर ओढून घ्यायची. एकदा मी मालकांना विचारलं होतं, त्या दिवशी भिंत कशी दिसत होती. ते म्हणाले, "कोणती भिंत? मी तं पोह्याइकडे पाहून राहिलो होतो."

पुढं वेगळं घर झालं. पहिल्या दिवाळीला मालकांनी विचारलं, बैठकीला कोणता रंग द्यायचा. माझ्या तोंडून निघालं, कोण येणार आहे? ते हसले. मला काही हसू आलं नाही. आपण राहतो त्या भिंतीला आपल्याला आवडेल तो रंग द्यायचा, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. तेव्हा चुना दिला, नुसता. दरवर्षी नुसताच चुना.

माझी मुलगी माझ्या रंगावर गेली आहे. सातवी झाली, वाचते, माझ्यापेक्षा धीट आहे, असं मला वाटत होतं. तिला पाहायला धामणगावचे लोक येणार म्हटल्यावर मालकांनी न विचारता चुना आणि पिवडी आणून ठेवली. पाहुणे येणार की भिंत रंगवायची, एवढंच त्यांना माहीत. मला आता कुंचा उचलण्याचं त्राण नाही. उद्या बघू म्हणत राहिले.

परवा दुपारी मी मागच्या अंगणातून आत आले तर पोर बैठकीत उभी. एका वाटीत तिनं भिजवलेल्या चुन्यात पिवडी कालवली होती, भिंतीवर बोटांनी थोडा रंग लावला होता, आणि त्या ओल्या रंगावर आपला हात ठेवून पाहत होती. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. हात ठेवून पाहिल्याचं मी तर कधी कुणाला सांगितलंच नव्हतं.

माझ्या तोंडावर तेव्हा असेल, तेच तिच्या तोंडावर होतं. हात छान दिसत होता.

मी दाराला धरून उभी राहिले. मग म्हणाले, "वाळल्यावर थो रंग राहात नाही, बाई."

तिनं दचकून हात मागं घेतला, लुगड्याला पुसला. "मग कोणता देऊ माय?"

"कोणताच नको. सतरंजी अंगणात टाक."

मालक कुरकुरले. बाहेर ऊन असते, लोक काय म्हणतील. मी तांब्या भरून ठेवला आणि सतरंजीचं एक टोक धरलं. दुसरं पोरीनं धरलं.

काल ती उन्हात बसली. मान सारखी वर करत होती. पाहुण्यांनी तिला पाहिलं, चहा प्यायले, कळवतो म्हणाले. कळवतो म्हणतात त्याचा अर्थ मला माहीत आहे, आणि नाहीही. नकार आला तर तो उन्हातला नकार असेल. पुन्हा कोणी आले तर पुन्हा सतरंजी अंगणातच पडेल, एवढं मात्र मी मालकांना सांगितलं आहे.

डाग पुसायला मी आज ओलं फडकं घेतलं होतं. पोर म्हणाली, असू दे.

फडकं पिळून वाळत घातलं आणि लिहायला बसले.